ट्रॉलीचं चाइल्ड लॉक खरंच धरतंय का, हे असं तपासा

पोरगं रांगायला लागलं की आपण ओट्याखालच्या ट्रॉलीला प्लास्टिकचं लॉक चिकटवतो आणि मग फिनेल, अ‍ॅसिड, ड्रेन साफ करायची पावडर सगळं बिनधास्त खालीच ठेवतो. माझं स्पष्ट मत आहे, अर्धवट धरणारं लॉक हे लॉक नसण्यापेक्षा वाईट, कारण मोठ्यांचं लक्ष उडतं.

आधी पोराच्या उंचीला खाली बसा. दार सरळ ओढू नका, दोन्ही हातांनी वर-खाली हिसके द्या, कारण पोरं लटकतात. लावताना टक असा आवाज आला पाहिजे. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, हूक आणि कॅच जुळत नाहीत, दार बंद दिसतं पण अडकलेलंच नसतं, म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला हे बघाच.

चिकटपट्टीवालं लॉक सुटतं ते बहुतेक फोडणीच्या तेलकट वाफेमुळं. सनमायका स्पिरिटनं पुसा, पूर्ण वाळू द्या, लॉक घट्ट दाबून धरा आणि मग 24 तास त्याला हातच लावायचा नाही, ही वाट बघायची पायरी सगळे गाळतात. निघालेलं लॉक फेविक्विकनं परत चिकटवू नका, तो जोड कडक होतो आणि हिसक्यानं तुटतो. तडा गेला की सरळ फेकून द्या, तुटका तुकडा तोंडात जाऊन घशात अडकतो. जमलं तर सुताराकडून स्क्रूवालं बसवून घ्या. बाथरूमची आतली खालची कडी मात्र काढाच, पोरं स्वतःलाच कोंडून घेतात.

आता तासगाव, मिरजेकडं ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे, फवारणीचं औषध घरात कुठल्याच लॉकच्या भरवशावर ठेवू नका. डब्याच्या लेबलावर लाल त्रिकोण असलेलं तर सगळ्यात विषारी. ते घराबाहेर, लोखंडी पेटीत, खऱ्या कुलपात, आणि चावी मोठ्या माणसाच्या खिशात. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच ओतू नका, पोराला ती बाटली ओळखीची असते.

तरी पोरानं काही गिळलंच तर ओकारी काढायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. तोंडातलं राहिलेलं पुसून काढा, 108 ला फोन करा आणि ती बाटली लेबलासकट दवाखान्यात सोबत न्या, काय पोटात गेलंय ते डॉक्टरला त्यावरूनच लगेच कळतं.