सर्टिफिकेट नवं, तरी थंडरबर्ड अडलेलं

दादरच्या आमच्या छोट्या वाचनालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. पोस्टफिक्स मेलची ने-आण करतो, डव्हकॉट तो वाचायला देतो. ग्रंथपाल काकू थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममधून मेल वाचतात, आणि सर्व्हर खरा आहे हे तो सर्टिफिकेटवरून, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्रावरून, ओळखतो. सोमवारी सकाळीच काकूंचा फोन: "अरे, थंडरबर्ड म्हणतंय सर्टिफिकेटची मुदत संपली. मान्य करून टाकू का?" म्हटलं, काकू, थांबा, हात लावू नका. त्यांनी आधी विचारलं हे फार बरं केलं. न बघता मान्य करायची सवय लागली की आपल्या आणि सर्व्हरच्या मधे खरंच कोणी शिरलं तरी कळत नाही.

सर्व्हरवर पाहिलं तर सर्टिफिकेट महिन्यापूर्वीच नवं झालेलं! आमचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, ९० दिवसांचं, आणि ३० दिवस उरले की सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप बदलतो. मग ओपनएसएसएल या तपासणीच्या साधनाने थेट ९९३ पोर्टला, म्हणजे डव्हकॉट मेल वाचायला देतो त्या दाराला, विचारलं. तिथे जुनीच तारीख. डव्हकॉट सुरू होताना वाचलेलं सर्टिफिकेट मेमरीत धरून बसला होता. डिस्कवरची फाइल बदलल्याचा त्याला पत्ताच नव्हता. जुन्याचे ३० दिवस शिल्लक होते, म्हणून चूक महिनाभर लपली.

डव्हकॉट रीलोड केला, म्हणजे त्याला फाइल्स पुन्हा वाचायला लावल्या, लगेच नवी तारीख आली. सर्टिफिकेट नवं झालं की सर्टबॉट ज्या स्क्रिप्ट चालवतो, त्या डिप्लॉय हुकच्या फोल्डरमध्ये पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्ही रीलोड करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली. तिला एक्झिक्युटची (चालवण्याची) परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर सर्टबॉट ती सरळ वगळतो.