स्कॉटलंड मंत्री म्हणजे राज्यपाल नव्हे: लिहिताना-वाचताना होणाऱ्या या चुका टाळा

‘स्कॉटलंडचे सचिव हे तेथील राज्यपाल असून ते स्कॉटिश सरकारवर नियंत्रण ठेवतात.’ स्पर्धा परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य मला इतक्या वेळा भेटलं आहे की आता ते हस्ताक्षरावरून नाही, चुकांवरून ओळखू येतं. एका ओळीत तीन चुका आहेत. लिहिणारी मुलं मन लावून अभ्यास करणारी असतात. चूक त्यांच्या मेहनतीत नाही, त्यांना मिळालेल्या शब्दांत आहे. म्हणून सुरुवात शब्दापासूनच करू.

‘सचिव’ लिहू नका

ब्रिटनमध्ये ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे कॅबिनेट मंत्री. तो सहसा निवडून आलेला खासदार असतो, पंतप्रधानांच्या मर्जीवर पदावर राहतो. आपल्याकडे ‘सचिव’ म्हटलं की मंत्रालयातला सनदी अधिकारी डोळ्यांसमोर येतो. बातमीदार घाईत ‘स्कॉटलंडचे सचिव’ लिहून मोकळे होतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, लंडनने एडिंबराला एक अधिकारी नेमून दिलाय. अमेरिकेतलं ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे परराष्ट्रमंत्री, तो गोंधळ आणखी वेगळा.

सरळ ‘स्कॉटलंड मंत्री’, ‘वेल्स मंत्री’, ‘उत्तर आयर्लंड मंत्री’ म्हणा. मराठीत ही परंपरा आहेच. १८५८ ते १९४७ या काळात लंडनमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याला आपली वर्तमानपत्रं ‘भारतमंत्री’च म्हणत. मोर्ले, माँटेग्यू, पेथिक-लॉरेन्स हे सगळे भारतमंत्री.

पण शब्द उचलताना सोबत चित्रही उचलून आणू नका, कारण पुढची चूक तिथूनच होते. भारतमंत्र्यासमोर हिंदुस्थानने निवडलेला एकही खासदार बसत नव्हता, आणि १९१९ च्या कायद्यापर्यंत त्याचा पगारसुद्धा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई. स्कॉटलंडचे मतदार आज वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेत, ५७ खासदार पाठवतात आणि एडिंबरातल्या होलिरूड इथल्या स्वतःच्या संसदेत १२९ सदस्य निवडून देतात. तिथलं राजकीय भांडण खरं आणि खोल आहे, मात्र त्याला वसाहतीचा साचा लावला की उत्तर पहिल्याच परिच्छेदात घसरतं.

१९९९ च्या आधीचं वर्णन आज लावू नका

स्कॉटलंडसाठी स्वतंत्र मंत्री नेमायला १८८५ मध्ये सुरुवात झाली आणि १९२६ मध्ये त्या पदाला आजचा दर्जा मिळाला. वेल्सला असा मंत्री १९६४ मध्ये मिळाला, उत्तर आयर्लंडला १९७२ मध्ये. जुन्या काळचा स्कॉटलंड मंत्री खरोखर राज्य चालवत असे. शाळा, इस्पितळं, शेती, घरं, सगळं त्याच्या हाताखाली. दुसऱ्या महायुद्धात टॉम जॉन्स्टन हे मंत्री होते. डोंगराळ उत्तर भागात जलविद्युत पोचवणारं मंडळ १९४३ मध्ये उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकाराने. जुन्या पुस्तकांतलं ‘स्कॉटलंडचा कारभार पाहणारा मंत्री’ हे वर्णन त्या काळाचं आहे आणि त्या काळापुरतं बरोबर आहे.

११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी स्वतंत्र संसदेला कौल दिला. १९९८ चा स्कॉटलंड कायदा आला आणि १ जुलै १९९९ पासून ही सगळी खाती होलिरूडला जबाबदार असलेल्या सरकारकडे गेली. बदल बघायचा असेल तर एक इमारत बघावी. एडिंबराच्या कॅल्टन टेकडीच्या उतारावर सेंट अँड्र्यूज हाउस ही करड्या दगडाची भारदस्त वास्तू आहे. १९३९ पासून ते स्कॉटलंड मंत्र्याच्या खात्याचं मुख्य कार्यालय होतं. आज तिथे स्कॉटिश सरकारचे प्रमुख, म्हणजे फर्स्ट मिनिस्टर, बसतात. स्कॉटलंड मंत्र्याचं खातं मात्र खूप लहान झालं. ते आता लंडनला व्हाइटहॉलमधल्या डोव्हर हाउसमधून आणि एडिंबरातल्या एका कार्यालयातून चालतं.

खातं इतकं आटलं की २००३ नंतरची काही वर्षं हे पद जोडकाम म्हणून दिलं जाई. अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांच्याकडे वाहतूक आणि स्कॉटलंड, डेस ब्राउन यांच्याकडे संरक्षण आणि स्कॉटलंड. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी ‘नियंत्रण ठेवतात’ असं लिहायला हात धजावणार नाही.

राज्यपाल नाही, पालकमंत्रीही नाही

राज्यपाल हा आपल्या घटनेत राज्याचाच भाग आहे. त्याच्या नावाने कारभार चालतो, तो मुख्यमंत्र्याला शपथ देतो, विधेयकावर सही करतो. स्कॉटलंड मंत्री यातलं काहीही करत नाही. फर्स्ट मिनिस्टरची निवड होलिरूड करतं आणि नेमणूक राजा करतो. मंजूर विधेयक राजाच्या संमतीला पाठवतात ते होलिरूडचे पीठासीन अधिकारी. स्कॉटलंड मंत्री हा लंडनच्या मंत्रिमंडळाचा माणूस, एका पक्षाचा उघड राजकारणी.

मग कुणी म्हणतं, हा पालकमंत्र्यासारखा. ही तुलना मला थोडी आवडते, कारण एका गोष्टीत ती चपखल बसते. पालकमंत्री अनेकदा त्या जिल्ह्याचा नसतो, आणि इथेही तसंच घडलं आहे. १९९० च्या दशकात वेल्स मंत्री झालेले जॉन रेडवुड आणि विल्यम हेग दोघेही इंग्लंडमधल्या मतदारसंघांचे खासदार होते. उत्तर आयर्लंडचा मंत्री तर आजवर एकदाही तिथल्या मतदारसंघातून आलेला नाही. याउलट २०१५ मध्ये हुजूर पक्षाचा स्कॉटलंडमध्ये एकच खासदार निवडून आला, डेव्हिड मंडेल, आणि तेच मंत्री झाले.

पण तुलना तिथेच थांबवा. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो, जिल्ह्याच्या निधीतून काय करायचं यात त्याचा शब्द चालतो. होलिरूडचा अर्थसंकल्प होलिरूड ठरवतं.

पैसा ‘दिला’ असं लिहू नका

इथे एक खरी अडचण आहे. हिशेबाच्या पुस्तकात बघाल तर ब्रिटिश तिजोरीतून स्कॉटलंडला जाणारं अनुदान स्कॉटलंड मंत्र्याच्या खात्यातूनच पुढे जातं, कायदाच तसा आहे. त्यामुळे आकडा वाचून ‘मंत्र्यांनी स्कॉटलंडला अमुक अब्ज पौंड दिले’ असं वाक्य तयार होतं. मंत्री इथे नळ आहे, टाकी नव्हे.

रक्कम ठरते बार्नेट सूत्राने. १९७० च्या दशकाच्या शेवटी जोएल बार्नेट ब्रिटिश अर्थखात्यात मंत्री असताना ते आलं. पद्धत अशी: इंग्लंडमध्ये आरोग्यावरचा खर्च १०० कोटी पौंडांनी वाढला, तर स्कॉटलंडची लोकसंख्या इंग्लंडच्या दहाव्या हिश्श्याहून किंचित कमी म्हणून त्याच्या वाट्याला दहा कोटींच्या थोडे आतले पौंड येतात. ते आरोग्यावरच खर्च करावेत असं बंधन नाही. सूत्र फक्त वाढ-घट मोजतं, मूळ गरज मोजत नाही, हेही लिहा. परीक्षक म्हणून सांगतो, या एका वाक्याने उत्तर उठून दिसतं.

कलम ३३ आणि कलम ३५ यांची सरमिसळ

सर्वात जास्त गुण जातात ते इथे.

‘मंत्र्याला नकाराधिकार आहे’ हे अर्धसत्य. होलिरूडने अधिकाराबाहेर कायदा केला असं वाटलं तर १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याच्या कलम ३३ खाली सरकारचे विधी अधिकारी विधेयक सर्वोच्च न्यायालयात नेतात. प्रश्न एकच: हा विषय होलिरूडच्या हातात आहे का? बालहक्क विधेयकाबाबत २०२१ मध्ये हेच झालं. काही कलमं अधिकाराबाहेरची ठरली, विधेयक दुरुस्त होऊन पुन्हा मंजूर झालं. यात स्कॉटलंड मंत्र्याची सही लागत नाही.

कलम ३५ वेगळं. इथे विषय होलिरूडच्या अधिकारातला असू शकतो, तरीही मंत्री विधेयक राजाच्या संमतीपर्यंत जाऊ देत नाही. मात्र ‘धोरण पटलं नाही’ हे कारण चालत नाही. राखीव, म्हणजे वेस्टमिन्स्टरने स्वतःकडे ठेवलेल्या, विषयांवरच्या कायद्याच्या अंमलावर विपरीत परिणाम होईल, किंवा आंतरराष्ट्रीय बंधनं अथवा राष्ट्रीय सुरक्षा यांना बाध येईल, असं मानायला वाजवी आधार लागतो. आणि घड्याळ चालू असतं: विधेयक मंजूर झाल्यापासून चार आठवडे.

आता तारखा मोजून बघा. लिंगओळख नोंदणी सोपी करणारं विधेयक होलिरूडने २२ डिसेंबर २०२२ रोजी ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केलं. मधे नाताळ, नवं वर्ष. तत्कालीन मंत्री अ‍ॅलिस्टर जॅक यांनी १७ जानेवारी २०२३ ला आदेश काढला. मंजुरीचा दिवस धरून सत्ताविसावा दिवस, मुदत संपायला एकच दिवस. १९९९ पासून हे हत्यार त्याआधी कधीच बाहेर निघालं नव्हतं. स्कॉटिश सरकार न्यायालयात गेलं, पण डिसेंबर २०२३ मध्ये एडिंबराच्या कोर्ट ऑफ सेशनने (स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाने) आदेश कायदेशीर ठरवला आणि सरकारने अपील केलं नाही.

त्या विधेयकाच्या दोन्ही बाजूंना पोळलेली माणसं आहेत आणि वाद संपलेला नाही. उत्तरात बाजू घ्यायची नसेल तर घेऊ नका, पण ‘न्यायालयाने विधेयक रद्द केलं’ असं तरी लिहू नका. न्यायालयाने मंत्र्याचा आदेश तपासला, विधेयकाचं भलंबुरं नव्हे.

राज्यपालांकडे महिनोन्‌महिने पडून राहिलेली विधेयकं आपण पाहिली आहेत. म्हणून हा चार आठवड्यांचा आकडा तुलनेत जरूर वापरा. मला विचाराल तर तुलनात्मक उत्तरात यापेक्षा मोलाचा आकडा नाही.

यादी उलटी वाचू नका

आपल्याकडे ज्याचा उल्लेख कुठल्याच सूचीत नाही तो विषय केंद्राचा. स्कॉटलंडमध्ये उलट आहे. परराष्ट्र, संरक्षण, स्थलांतर असे राखीव विषय कायद्यात नावानिशी लिहिले आहेत, उरलेलं सगळं होलिरूडचं. वेल्समध्येही एप्रिल २०१८ पासून हीच रीत आहे. आपल्या मुलांनी १९१९ च्या द्विदल पद्धतीतली ‘राखीव’ आणि ‘सोपीव’ खाती पाठ केलेली असतात. त्यामुळे ‘राखीव’ म्हटलं की ती खाती सांभाळणारा गव्हर्नरच मनात येतो. इथे राखीव म्हणजे वेस्टमिन्स्टर संसदेसाठी राखीव.

शिवाय वेस्टमिन्स्टरने सर्वाधिकार सोडलेले नाहीत. सोपवलेल्या विषयावर होलिरूडसारख्या प्रादेशिक संसदेच्या संमतीशिवाय ‘सामान्यतः’ कायदा करणार नाही, असा सिउएल संकेत आहे. २०१६ मध्ये तो कायद्यात लिहिला गेला, तरी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा राजकीय संकेत आहे, न्यायालय तो अंमलात आणू शकत नाही. जानेवारी २०२० मध्ये ब्रेक्झिटच्या कराराचा कायदा तिन्ही प्रदेशांच्या नकारानंतरही मंजूर झाला.

मंत्र्याचं खरं काम याच सांध्यावर आहे: दोन सरकारांमधले वाटाघाटीचे कागद हलवणं. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी स्वातंत्र्याच्या सार्वमतासाठीचा एडिंबरा करार झाला. त्यावर तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आणि फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड यांच्यासोबत स्कॉटलंड मंत्री मायकेल मूर यांचीही सही आहे. करार झाला तोही त्याच सेंट अँड्र्यूज हाउसमध्ये.

उत्तर आयर्लंडला त्याच मापाने मोजू नका

तिथला मंत्री नावाने सारखा, कामाने निराळा. १९७२ मध्ये थेट लंडनचा कारभार लागू झाला तेव्हाच हे पद जन्मलं. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतरच्या कायद्याने त्याच्यावर एक जड जबाबदारी आहे: बहुमत आयर्लंडशी एकीकरणाच्या बाजूने जाईल असं त्याला संभवनीय वाटलं, तर सार्वमत घ्यायचं. ‘वाटणं’ कशावरून ठरवायचं, याचं माप कायद्यात नाही.

‘तो विधानसभा बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लावतो’ असंही लिहू नका. कामकाज स्थगित करण्याचा जुना अधिकार २००६ च्या सेंट अँड्र्यूज करारानंतर रद्द झाला. म्हणून २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते फेब्रुवारी २०२४ स्टॉरमाँटचं (उत्तर आयर्लंडच्या विधानसभेचं) सरकार नव्हतं, तेव्हाही ‘थेट राजवट’ औपचारिकपणे लागू झाली नाही. खाती अधिकाऱ्यांनी चालवली आणि अर्थसंकल्प लंडनने मंजूर करून दिला. मधल्या मधे लोंबकळणारी ही अवस्था सामान्य रुग्णाला आणि शिक्षकाला फार महाग पडते. २०१८ मध्ये तत्कालीन मंत्री कॅरन ब्रॅडली यांनी मुलाखतीत कबूल केलं की पदावर येण्याआधी तिथे राष्ट्रवादी (आयर्लंडशी एकीकरण हवं असलेले) लोक युनियनवादी (ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्या) पक्षांना मत देत नाहीत, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

तुम्ही तिथे राहत असाल तर

ग्लासगोत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने पहिल्या पगाराची पावती पाठवली. “मामा, माझ्या टॅक्स कोडात पुढे एस का आहे? लंडनच्या मैत्रिणीच्या कोडात नाही.” तो एस म्हणजे स्कॉटलंड. पगारावरच्या आयकराचे दर होलिरूड ठरवतं, वसुली ब्रिटनचं करखातं करतं. वेल्सच्या कोडात ‘सी’ असतो. स्कॉटलंड सोडून इंग्लंडला राहायला गेलात आणि एस तसाच राहिला, तर करखात्याला पत्ता कळवा.

अशा कामासाठी स्कॉटलंड मंत्र्याला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. व्हिसा अडकलाय? तो राखीव विषय, तुमच्या वेस्टमिन्स्टरच्या खासदाराला लिहा. घरमालक अनामत देत नाही, दवाखान्यात तारीख मिळत नाही? होलिरूडचे सदस्य: एक मतदारसंघाचा आणि सात विभागाचे, असे आठजण तुमचे आहेत. पत्रात घराचा पोस्टकोड टाका, नाहीतर तुम्ही त्यांच्या मतदारसंघातले आहात का, हे विचारण्यातच आठवडा जातो.

आणि मतदार यादीत नाव घाला. वैध परवान्यावर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून दोन्ही संसदांसाठी मत देऊ शकतो. भाचीला हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, तिच्या घरातल्या इतर तिघींनाही नव्हतं. त्याच संध्याकाळी चौघींनी अर्ज भरले.