परसातली पपई उदमांजरापासून वाचवायची कशी

आधी चोर ओळखा, नाहीतर बुंध्याला पत्रा गुंडाळायचा खर्च वाया. झाडाखाली चघळून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या असतील तर ते वटवाघूळ. त्याला बुंध्यावरचा पत्रा अडवत नाही. दिवसाढवळ्या कुरतडते ती खार. फळ झाडावरच फोडून आतला गर खाल्लेला, आणि कंपाउंडवर किंवा कौलांवर एकाच जागी बियांनी भरलेली विष्ठा, म्हणजे उदमांजर, रात्री झाडावर चढणारं मांजराएवढं रानटी जनावर, काही जण ज्याला कांडेचोर म्हणतात ते.

सर्वात स्वस्त उपाय पत्र्याचा पट्टा. सहा इंच जाडीच्या पपईचा घेर साधारण १९ इंच भरतो, म्हणून २ फूट बाय २ फूट गुळगुळीत जस्ती पत्रा पुरतो. टोकं चार-पाच इंच एकमेकांवर येतात. खालची कड जमिनीपासून ३ फुटांवर ठेवा. खिळे ठोकू नका. दोन स्प्रिंगांनी जोडलं की बुंधा जाडावला तरी काचत नाही. पत्रा अगदी घट्टही आवळू नका. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात आत पाणी तुंबतं आणि पपईचा बुंधा कुजतो. बोटभर फट हवी.

पट्टा फसतो तो बहुतेक वेळा शेजारच्या फांदीमुळे. आंब्याची डहाळी, भिंत, पाण्याची टाकी, केबलची वायर, यातलं काहीही झाडापासून ५-६ फुटांच्या आत असलं तर प्राणी वरूनच येतो. आधी छाटणी, मग पत्रा. रेड लेडीसारख्या बुटक्या जातीला कमरेच्या उंचीपासूनच फळं लागतात. तिथे पट्टा लावायला जागाच नसते. अशा झाडाला अर्धा इंची वेल्डमेशचा (तारेच्या कडक जाळीचा) पिंजरा, वरूनही बंद.

खरं तर निम्मं काम काढणीच करते. पपईला डोळा पडला, म्हणजे हिरव्या सालीवर पिवळी रेघ दिसली, की फळ उतरवून घरात कागदात गुंडाळा; तीन-चार दिवसांत पिकतं. केळीचा घड कडा गोलावल्या की कापा. पडलेली फळं संध्याकाळीच उचला, आणि पाळीव मांजराचं जेवण रात्री अंगणात ठेवू नका.

उदमांजरानं कौलांखाली बिऱ्हाड केलं असेल तर भोकाशी संध्याकाळी रांगोळी भुरभुरा. बाहेर जाणारी पावलं दिसली, की रात्रीच तिथे वेल्डमेश ठोका. माळ्यावर पिलांचा आवाज येत असेल तर मात्र थांबा. आई बाहेर अडकली तर पिलं आतच मरतात आणि पुढचा आठवडा घरभर वास.

मिरचीपूड, फिनेल, डांबरगोळ्या पहिल्या सरीत धुऊन जातात किंवा वास उडतो. पैसे घालवू नका. विषाच्या गोळ्या तर गल्लीतली कुत्री-मांजरं आणि घुबडंही मारतात. कुंपणात वीज सोडणं हा जीवघेणा गुन्हा आहे. उदमांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पिंजरा लावून परस्पर पन्हाळ्याच्या जंगलात सोडणंही चालत नाही. अडकलेलं किंवा जखमी दिसलं तर वन विभागाचा १९२६ नंबर लावा. एरवी हाच प्राणी उंदीर खातो, हे पत्रा ठोकताना ध्यानात असू द्या.