तीळ काढायचाय? आधी विचारा, तुकडा तपासायला जाणार का

माझ्या धाकट्या जावेच्या नाकपुडीशेजारी मसुराएवढा, थोडा उंच आलेला तीळ होता. पुतणीच्या लग्नाआधी तिने तो एका पार्लरमध्ये जाळून घेतला. दहा मिनिटांचं काम. खपली धरली, पडली, सगळे म्हणाले छान झालं. चार महिन्यांनी त्याच डागात काळी रेघ उमटली. त्वचाविभागाच्या छोट्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी वीस वर्षं सिस्टर होते, ती रेघ बघून माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "काढलेला तुकडा तपासला होता का?" तुकडा उरलाच नव्हता, त्याचा धूर झाला होता.

तीळ अर्धवट जळला तर खाली राहिलेल्या पेशी व्रणातून पुन्हा वर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कधी कधी थेट मेलानोमासारख्या, म्हणजे तिळाच्या कर्करोगासारख्या दिसतात. मूळ तीळ कसा होता हे सांगणारं मग काहीच हातात नसतं. जावेचा तो भाग शेवटी कापूनच काढावा लागला. आधी जाळला होता हे पॅथॉलॉजिस्टना चिठ्ठीवर मुद्दाम लिहून दिलं. साधा तीळ निघाला, पण रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

म्हणून आधी ते काय आहे, हे त्वचारोगतज्ज्ञाकडून ठरवून घ्या. आपण सरसकट सगळ्याला तीळ नाहीतर चामखीळ म्हणतो. मानेवर, काखेत देठाने लोंबणारी मऊ चामखीळ निरुपद्रवी असते, मात्र अशा बऱ्याच असतील तर एकदा साखर तपासून घ्यावी. खरखरीत, फुलकोबीसारखी असते ती विषाणूची. ती कातरली की आजूबाजूला पसरते. वयानुसार गालांवर येणारे बारीक काळे दाणे बहुतेक वेळा नुसते दिसण्यापुरते असतात.

लगेच दाखवायचा तो बदलणारा तीळ. दोन्ही अर्धे सारखे नाहीत, कड वेडीवाकडी आहे, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, किंवा खाजतो, रक्त येतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत मेलानोमा कमी होतो, पण झाला तर बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे कोणी बघत नाही. गायक बॉब मार्ले यांचा आजार पायाच्या बोटाच्या नखाखालीच सुरू झाला होता. 1981 साली, 36 व्या वर्षी ते गेले. चेहऱ्यावरचा चकचकीत काळा दाणा पुन्हा पुन्हा रक्ताळत असेल, तर तोही दाखवा.

घरी काही लावू नका, हे मी हात जोडून सांगते. ओल्या चुन्यात धुण्याचा सोडा कालवला की कॉस्टिक सोडा तयार होतो. तीळ जळतो तो त्याने, आणि तो सोडा कातडीत आत आत जाळतच राहतो. कोणी लावलाच असेल तर वीस मिनिटं तरी वाहत्या पाण्याखाली धरा, वर लिंबू पिळू नका. बिब्ब्याचं तेल ओघळून आजूबाजूला फोड आणतं आणि काळे डाग ठेवून जातं. घोड्याच्या शेपटीचा केस बांधला तर चामखीळ सुजते, पिकते.

दवाखान्यात लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करणारं इंजेक्शन देतात. काही सेकंद झोंबतं, पुढे दुखत नाही. संशय असलेला तीळ होडीच्या आकारात, पूर्ण खोलीने कापतात आणि टाके घालतात. साधा, उंच आलेला असेल तर ब्लेडने पातळ खरवडून काढतात. लेझरने तीळ जाळला की तपासायला काही उरत नाही, त्यामुळे थोडाही संशय असेल तर लेझरला स्पष्ट नाही म्हणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, आधीचा एखादा व्रण फुगून वाढला असेल, तर टेबलावर झोपण्यापूर्वी सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. छाती, खांदा आणि कानाच्या पाळीवर असे व्रण जास्त फुगतात. तिथला निरुपद्रवी तीळ केवळ दिसण्यासाठी काढू नये, असं माझं मत आहे.

तुकडा फॉर्मेलिनच्या, म्हणजे तो टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या बाटलीत पडला की बाटलीवर तुमचं नाव आणि जागा लिहिली आहे का, ते स्वतः वाचा. "डावा गाल" की "उजवा गाल", एवढंसुद्धा बघा. विचारायला संकोच करू नका. मी सिस्टर असताना कोणी विचारलं की मला बरंच वाटायचं.

चेहऱ्याचे टाके साधारण 5 ते 7 दिवसांत निघतात, पाठीचे 10 ते 14. जखमेत हळद भरू नका. डॉक्टर सांगतील तसं व्हॅसलीन लावून ओलसर ठेवा, खपली उचकटू नका, भरल्यावर काही महिने सनस्क्रीन लावा. व्रण थोडा तरी राहतोच. "अजिबात डाग राहणार नाही" असं छातीठोक सांगणाऱ्याकडून उठून या.

जावेच्या गालावर आता पांढुरकी, नखाच्या कडेएवढी रेघ आहे. रिपोर्टची एक प्रत तिच्या फायलीत आहे, एक माझ्याकडे. दर पाडव्याला तिची मुलगी त्या जागेचा आणि दोन्ही तळपायांचा फोटो काढते आणि मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून बघते.