वीजकंपनीच्या रेग्युलेटरी विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

वीजकंपनीच्या रेग्युलेटरी विभागात, म्हणजे शासन आणि नियामक आयोगापुढे कंपनीची बाजू मांडणाऱ्या विभागात, रुजू होणाऱ्या तरुण अभियंत्यांची आणि वकिलांची अशी समजूत असते की, शासनाशी संबंध ठेवणे म्हणजे मंत्रालयात ओळखी असणे. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मी खात्रीने सांगतो की, या कामाचा मोठा आणि टिकणारा भाग कागदावर, सर्वांना वाचता येईल अशा स्वरूपात होतो.

प्रथम कोणता प्रश्न कोणाकडे न्यायचा, हे नीट समजून घ्यावे. वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील विषय असल्याने धोरण केंद्रातही ठरते आणि राज्यातही. दर मात्र विद्युत अधिनियम, २००३ नुसार राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल, तर कलम ६५ प्रमाणे राज्य शासनाने अनुदानाची रक्कम आगाऊ भरावी लागते. त्यामुळे कृषिपंपांच्या अनुदानाची मागणी ऊर्जा विभागाकडे करायची असते आणि वीजखरेदीच्या खर्चाचा हिशेब आयोगापुढे मांडायचा असतो.

आयोगाला विनियम, म्हणजे अधिनियमाखालचे तपशीलवार नियम, करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. आमच्याकडे त्यासाठी चार रकान्यांचा तक्ता करतात: विनियमाचा क्रमांक, मसुद्यातील मजकूर, सुचवलेला मजकूर आणि कारणे. नवीन माणूस चौथ्या रकान्यात पानेच्या पाने लिहितो आणि तिसऱ्यात ‘फेरविचार व्हावा’ एवढेच टाकतो. वास्तविक सगळा कस तिसऱ्या रकान्यात लागतो, कारण अधिकाऱ्याला जसाच्या तसा उचलता येईल असा मजकूर तिथे हवा असतो. ओपन ॲक्सेसमुळे, म्हणजे आपल्याच तारांवरून दुसऱ्याकडची वीज घेण्याच्या मुभेमुळे, मोठे ग्राहक बाहेर जातात, ही तक्रार पुरेशी नाही. उरलेल्या घरगुती ग्राहकावर युनिटमागे किती पैशांचा भार पडेल, हे आकडेमोडीसह दाखवावे लागते. अंतिम विनियमांसोबत आयोग आपली कारणमीमांसा प्रसिद्ध करतो. जुन्या कारणमीमांसा वाचण्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

कंपनीच्या दरनिश्चितीच्या याचिकेवर आयोग जनसुनावणी घेतो, तिला अवश्य बसावे. हातात बिल घेऊन उभा राहिलेला ग्राहक विचारतो की, वापर कमी झाला तरी स्थिर आकार (वापर कितीही असला तरी बिलात लागणारी रक्कम) का वाढला? त्याला समजेल असे उत्तर कंपनीला देता आले नाही, तर तिची याचिकाही कच्चीच समजावी. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा अनुभव घेतलेल्या महाराष्ट्रात वीजखरेदी करार बारकाईने वाचणारे नागरिक आहेत, आणि पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या संस्थांचे आक्षेप आपल्या बाजूच्या कागदांइतक्याच काळजीने वाचावेत.

आपल्याकडे लॉबिस्टांच्या, म्हणजे शासनदरबारी कोणाची तरी बाजू मांडणाऱ्यांच्या, नोंदणीचा कायदा नाही, म्हणून शिस्त आपणच पाळायची. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच दिल्याबद्दल कंपनीही दोषी ठरू शकते. प्रत्येक भेटीनंतर कोण भेटले, काय बोलणे झाले आणि कोणता कागद दिला, याची टिपणी त्याच दिवशी फाइलला लावावी. प्रकरण आयोगापुढे प्रलंबित असताना त्याविषयी सदस्यांना खासगीत भेटू नये.

पहिल्या महिन्यात अधिनियमाची कलमे ६१ ते ६५, ८६, १०८ आणि १८१ वाचावीत, आणि मग एखादा दरनिश्चितीचा आदेश अथपासून इतिपर्यंत वाचावा. कलम १११ तर पाठच असावे, कारण आदेशाची प्रत हाती पडल्यापासून अपील न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी ४५ दिवस मिळतात आणि त्यातले बरेचसे दिवस आकडे पुन्हा तपासण्यातच जातात.