गावात मुलामुलींचा कबड्डी संघ कसा उभारावा

खानदेशातील एखाद्या गावात कबड्डी संघ उभारायचा असेल, तर सुरुवात स्पर्धेपासून न करता मैदानापासून करावी. आपल्याकडची काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला चिकटते. तिच्यावर थेट खेळवले, तर घोटे मुरगळतात आणि घरचे पुन्हा पाठवत नाहीत. म्हणून ग्रामपंचायतीकडून जागा मिळाल्यावर प्रथम मुरूम दाबून बसवावा, वर चाळलेल्या मऊ मातीचा थर द्यावा आणि पाणी शिंपडून रोलर फिरवावा. मुलांचे मैदान १३ बाय १० मीटर, तर मुलींचे १२ बाय ८ मीटर असते. आखणी मुलांकडूनच करून घ्यावी: दोरी ताणावी, दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते सारखे भरले, तरच फक्की टाकावी.

सरावाची वेळ शेतीची कामे पाहून ठरवावी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत सराव आटोपावा. मुलींचा सराव अंधार पडण्यापूर्वी संपावा आणि तेथे गावातील एखादी विश्वासाची काकू किंवा ताई रोज हजर असावी. तिनेच आधी घरोघरी जाऊन आईवडिलांशी बोलावे.

माझ्या मते खरी कसोटी पुढेच आहे. संघात बारा जण असतात, मैदानात सातच उतरतात आणि बाहेर बसलेले पाच जण सर्वांत आधी गळतात. त्यासाठी काल जे बसले, त्यांच्यापासूनच आजचा पहिला डाव सुरू करावा. बाहेर असताना त्यांच्याकडे गुणांची वही आणि रेषेवरची पंचगिरी सोपवावी. तीस सेकंदांची चढाई मोजणाऱ्या मुलाला खेळ आतून कळू लागतो. चढाई आणि पकड शिकवण्याआधी मात्र सर्वांना नीट पडायला शिकवावे.

वर्गणीचा हिशेब दर महिन्याला फलकावर लावावा. पुढे मंडळाची नोंदणी करायची झाल्यास १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद लागतात.

एखादा मुलगा सलग तीन दिवस आला नाही, तर त्याचे नाव कापू नये. सालदाराचा मुलगा वेचणीच्या दिवसांत शेतातच असतो. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन, वेचणी आटोपेपर्यंत त्याची जागा राखून ठेवली आहे, हे त्याच्या वडिलांसमोर सांगावे.