उंची मोजायची फळी घरीच करा, फक्त शून्य नीट धरा

बाळाच्या खोलीत लावायला उंचीचे स्टिकर बाजारात भरपूर मिळतात, जिराफवाले, माकडवाले, दिसतात पण गोड, पण घर बदललं किंवा रंगकाम काढलं की सगळ्या नोंदी भिंतीसोबत गेल्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारायचे त्याचंही तेच. त्यामुळे माझं ऐकाल तर लाकडी फळी करा, स्क्रू काढला की उचलून नव्या घरी. कापडावर पण करतात लोक, मांजरपाटावर वगैरे, पण कापड ताणतं, धुतलं की आटतं, मापाला ते चालत नाही.

सुताराकडून किंवा प्लायच्या दुकानातून १२ मिमी प्लायचा तुकडा कापून आणा, ६ इंच रुंद आणि साडेचार फूट लांब. अख्खी शीट घेऊ नका, उरलेल्या तुकड्यात काम होतं. १२ मिमीच का, तर आपल्याकडे भिंतीला खाली स्कर्टिंगची टाईल असते ती भिंतीपासून जेमतेम तेवढीच पुढे येते, म्हणजे मूल उभं राहिलं की टाच स्कर्टिंगला आणि पाठ फळीला साधारण एकाच रेषेत टेकते. पातळ फळी लावली तर मूल मागे रेलतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फळी जमिनीपासून लावायची नाही, खालची कड जमिनीपासून बरोबर ६० सेमीवर आणायची आणि आकडे ६० पासूनच सुरू करायचे. वर्षाचं बाळ साधारण ७५ सेमी असतं त्यामुळे खालचा भाग उभ्याने मोजायला लागतच नाही, आणि वर फळी १९७ पर्यंत जाते, म्हणजे कॉलेजपर्यंतची सोय. बऱ्याच घरी चार्ट स्कर्टिंगच्या वर टेकवून लावलेला असतो आणि आकडे मात्र शून्यापासून, मग पोर कायमचं १० सेमी बुटकं!

आधी १२० नंबरच्या पॉलिशपेपरने आणि मग २२० ने घासा, कडा आणि कोपरे जास्त, कारण फास तिथेच लागते. मग प्रायमर आणि वर पाण्यातला रंग, ऑइलपेंट नको, वास पण जात नाही लवकर. डब्यावर शिशाचं प्रमाण बघून घ्या, घरगुती रंगासाठी आपल्याकडे मर्यादा ९० पीपीएम आहे. मला स्वतःला गेरूचा रंग आणि त्यावर पांढरी वारली फार आवडते, त्रिकोणांची माणसं, तारपा वाजवणारा, एखादं झाड खालून वर चढत गेलेलं, मुलांना ती माणसं मोजायला पण मजा येते.

रेघा मारताना स्टीलची टेप एकदाच पूर्ण लांबीला ताणून चिकटपट्टीने धरा आणि न उचलता सगळ्या खुणा करा. ३० सेमीची पट्टी सरकवत सरकवत गेलात तर दर वेळी थोडी चूक होते आणि वरपर्यंत ती साठते. दर सेमीला छोटी रेघ, ५ ला मध्यम, १० ला लांब आणि आकडा. उजवीकडे फूट पण टाका, आजी-आजोबा फुटातच विचारणार, ३ फूट म्हणजे ९१.४ आणि ४ फूट म्हणजे १२१.९. वार्निशखाली मार्करची शाई पसरू शकते, आधी टाकाऊ तुकड्यावर बघा, आणि नोंदीसाठी एक उभा पट्टा वार्निश न मारता मोकळा सोडा.

भिंतीत ड्रिल करून प्लग ठोका, स्क्रू वर दोन आणि खाली दोन. लावून झालं की जमिनीपासून टेप धरून १०० ची रेघ खरंच १०० वर आहे ना बघा, नसेल तर परत खोला, आळस नको.

मोजताना अनवाणी, पोनी-अंबाडा सोडून, टाचा, कुल्ले, खांदे आणि डोकं मागे टेकलेलं, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरा आणि तुम्ही खाली बसून वाचा. वेळ नेहमी एकच ठेवा, सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच भरू शकतो. दोन वर्षांखालच्या बाळाला डॉक्टर झोपवून मोजतात, ते माप उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेमी जास्त येतं, म्हणून फळीवर लिहिताना बाजूला 'झोपून' लिहा, नाहीतर दोन वर्षांचं झाल्यावर उंची कमी झाल्यासारखी वाटते. जन्माची लांबी कार्डावरून घेऊन तळाला लिहून टाका.

तीन महिन्यांतून एकदा पुरे. पहिल्या वर्षी साधारण २५ सेमी, दुसऱ्या वर्षी १२ च्या आसपास, आणि शाळेच्या वयात वर्षाला ५-६ एवढीच वाढ असते, त्यामुळे शेजारच्या पोराशी तुलना करू नका. सहा-आठ महिने रेघ हललीच नाही तर मात्र सगळ्या तारखा घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, एका मापापेक्षा अशा नोंदी त्यांना जास्त उपयोगी पडतात. दुसरं मूल असेल तर रंग वेगळा घ्या आणि तारखेसोबत वय पण लिहा.